सासूबाईंची मूठ

१२ मे
कापड मार्केटच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिलेली ही डायरी कपाटावर धूळ खात पडली होती. आजपासून लिहिणार आहे. बोलायला माणसं नाहीत असं नाही, गल्लीभर आहेत, पण बोललेलं फिरून कोणाच्या कानात जाईल ह्याचा भरवसा नाही. डायरी निदान तोंड मिटून बसते. पिठाच्या डब्यामागे ठेवीन, तिकडे ह्यांचा हात जात नाही.

विषय सासूबाईंचा. आम्ही दोघी घरी बसून साड्यांना खडे चिकटवतो. कतारगामहून मगनभाई गठ्ठा टाकून जातात आणि आठवड्याने नेतात. ह्या कामात सासूबाईंचा हात आमच्या अख्ख्या लिंबायत वस्तीत कोणी धरत नसे. गेल्या दिवाळीपासून मात्र रोज सकाळी एकच रडगाणं, "सकायले मना हात लाकूड व्हई जातस व नूतन." भाकरी थापायची, धुणं पिळायचं, पाणी भरायचं, तेव्हा बोटं वळत नाहीत. अकराच्या पुढे हळूहळू सुटतात आणि दुपारी बाई शेजारच्या तारामावशींच्या ओट्यावर बसून शेंगा सोलतात! हे कसलं दुखणं, जे काम संपलं की उतरतं? ह्यांना म्हटलं तर म्हणतात, "आई खोटं कशाला बोलेल?" मुलांना आईचं सोंग दिसत नसतं.

१६ मे
सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं. मीच नेलं, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडून एकदाचं कळेल असं वाटलं. डॉक्टर श्वेता म्हणून आहेत, नाशिकच्या, मराठी बोलतात. सासूबाईंची बोटं दाबली, रक्त पूर्वीच तपासून झालं होतं ते बघितलं आणि म्हणाल्या, हा संधिवात आहे, पण म्हातारपणाचा नाही. अंगातली राखण करणारी शक्ती उलटून स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. एक पिवळी गोळी दिली, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज चुकूनही नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतील.

सासूबाईंनी विचारलं, हळद चालेल का? डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "चालेल. हळद, सुंठ, शल्लकीचा डिंक ह्यांच्यात सूज कमी करणारे गुण आहेत, त्यावर अभ्यास चालू आहेत, काहींना थोडा आराम वाटतो. पण गोळीच्या जोडीला घ्या, गोळी सोडून नाही. आणि विकत काही आणलंत तर आधी मला दाखवा."

अंगातली शक्ती उलटते म्हणे. मला पटलं नाही. गोळी विकणाऱ्याला काहीतरी नाव द्यावंच लागतं.

२९ मे
नणंद आल्या, कामरेजहून. उज्ज्वलाताई रिकाम्या हाताने कधी येत नाहीत आणि रिकाम्या हाताने कधी जात नाहीत. ह्या वेळी लोणच्याच्या बरणीत पिवळी पूड आणली. तिकडे कोणी सुकदेवबापू झाडपाल्याचं औषध देतात. शल्लकी, हळद, सुंठ, बाकी गुपित. सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून.

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून घेऊ. ताई म्हणाल्या, "झाडपाल्याला काय दाखवायचं वहिनी? आपल्या आईला मी विष देईन का?" ह्यांनी लगेच माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले. नंतर मायलेकी दार लोटून तासभर कुजबुजत होत्या. मी पाणी द्यायच्या निमित्ताने गेले तर विषय बदलला. पापडाचा विषय काढला! मे महिना संपत आला, पापड कधीच झाले.

२ जून
चमत्कार. सासूबाई माझ्या आधी उठून भाकरी थापत होत्या. मला बघून हात पुढे केला आणि मूठ मिटून दाखवली, अगदी नखं तळहाताला टेकवून. डोळ्यांत पाणी. "आते कानबाईले मीच गहू मोजसू," म्हणाल्या.

ह्यासाठी एवढी धडपड चालली होती तर. आमच्या घराण्यात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे गहू घरातल्या थोरल्या बाईने मुठीने मोजायचे, प्रत्येक पुरुषाच्या नावाने. मूठ घट्ट मिटली पाहिजे, दाणा सांडता कामा नये. सासूबाईंना हात गेल्याची भीती नव्हती, मोजायचा मान त्यांच्या धाकट्या जावेकडे जाईल ही भीती होती.

मीही हसले, पण मनात पाल चुकचुकली. दिवाळीपासूनचं दुखणं तीन-चार दिवसांत पळालं? जे इतक्या झटपट जातं ते होतं तरी का?

११ जून
गोळ्यांची पट्टी तपासली. दोन आठवड्यांच्या गोळ्या तशाच आहेत. विचारलं तर म्हणाल्या, "पूडम्हा गुण शे, मंग गोळी कसाले?" खरं दुखणाऱ्याने एक सोडून चार औषधं घेतली असती. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरी झाली तर तुला त्रास होतो का?" कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाशी वाद घालू नये, म्हणून ताट वाढलं. त्रास नाही होत. मला फक्त खरं काय ते कळायला हवं.

२७ जून
डब्यातले शेंगदाण्याचे लाडू कमी होतात. टोपलीतली भाकरी कमी होते. माझा योगराज खात नाही, त्याला वडापावाशिवाय काही दिसत नाही. उज्ज्वलाताईंकडे पिशवीतून जातंय असं धरून मी पाळत ठेवली. तर सासूबाई स्वतःच खातात! जेवल्यावर तासाभरात पुन्हा. वर हंडाभर पाणी पितात आणि सारख्या मोरीकडे. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झालाय, मानेमागे मांस आलंय. रात्री झोपत नाहीत, भांडी लावत बसतात.

मगनभाई गठ्ठा न्यायला आले तर म्हणाले, "बा तो जुवान थई गया!" सासूबाई लाजल्या. आठवड्याचं काम चार दिवसांत उरकलं होतं, खरं आहे. सगळी गल्ली म्हणते तेज आलं. मला एवढंच दिसतं की आधी आजाराचं सोंग होतं, सुनेकडून सेवा करून घेतली, आणि आता पुडीच्या नावाखाली चंगळ चालली आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ जुलै
आज कहर झाला. सासूबाईंच्या दंडावर हा एवढा काळानिळा डाग. तारामावशींनी पदर सरकवून बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणं सगळ्या गल्लीत बोलून झालं असेल आतापर्यंत.

मी विचारलं कशाने झालं, तर म्हणाल्या दाराची कडी लागली. कडीने एवढं होतं? मला रोज लागते ती कडी. स्वतःच चिमटे काढून मला बदनाम करायचा बेत दिसतो. उज्ज्वलाताईंचं डोकं असणार त्यामागे. आईला कामरेजला न्यायचं, म्हणजे गळ्यातली सोन्याची पोतही आपोआप तिकडे जाते.

ह्यांना विचारलं, तुम्हालाही वाटतं का मी मारते म्हणून? "नाही," म्हणाले, पण जरा थांबून. त्या थांबण्याने मला रडू आलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि हा माणूस थांबला.

२० जुलै
नवी बरणी आली. ताईंनी ह्या वेळी माझ्यासाठी बांगड्याही आणल्या. का?

२९ जुलै
नागपंचमी. रोटाचे गहू मोजले. दीर, जावा, पोरं, सगळे जमले होते. सासूबाईंनी न्हाऊन नवी साडी नेसून पाटावर बसून मूठ घातली. ह्यांच्या नावाची, दिरांच्या नावाची, योगराजची. एकही दाणा सांडला नाही. त्यांची धाकटी जाऊ नुसती बघत राहिली.

उज्ज्वलाताई दाराशी उभ्या होत्या. लेक लग्न करून गेली की रोट तिला चालत नाही, रोट घरच्या माणसांनीच संपवायचा. सून परघरची असून तिला चालतो, लेक पोटची असून नाही. ताईंचं तोंड एवढंसं झालं होतं आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

पण त्या मुठीकडे बघताना डोक्यात ठरलं. ही मूठ खरी की पूड खरी, ह्याचा निकाल लावायचा.

३० जुलै
रोटाआधी स्वयंपाकघरातला डबा न् डबा रिकामा करून घासतात. आज ते काम माझंच होतं, कोणाला संशय यायचं कारण नाही. ताईंची बरणी रिकामी केली, घासली, उन्हात वाळवली आणि घरची पूड भरली. आपली हळद, सुंठ, रंग जुळावा म्हणून किंचित मेथी. झाडपालाच तो, बापूंचा काय आणि माझा काय! शिवाय बाहेरच्या कोणाच्या हातचं कुटलेलं रोटाच्या घरात ठेवायचं तरी कशाला? देवीच्या दृष्टीनेही हेच बरोबर.

बापूंची पूड टाकली नाही. पिशवीत बांधून माळ्यावर जुन्या गठ्ठ्यात ठेवली. उद्या कोणी काही म्हटलं तर दाखवायला हवी.

माझा हिशोब सरळ आहे. घरच्या हळदीवरही मूठ वळली, तर दुखणं नव्हतंच आणि सोंग उघडं पडलं. नाही वळली, तर... तर बघू.

३१ जुलै
सकाळी चमचा घेतला. मी भाकरी भाजत तिरक्या नजरेने बघत होते. घोट घेतला, थांबल्या, जिभेवर घोळवला. माझ्याकडे बघितलं. मी तव्याकडे बघितलं. मग उरलेलं पिऊन पेला उपडा घातला आणि साडीचं काम घेऊन बसल्या. दिवसभर हात चालले. संध्याकाळचा चमचाही गुपचूप घेतला.

मी जिंकले असं दिसतंय. मग आनंद का होत नाही, कोण जाणे.

२ ऑगस्ट
पडून आहेत. कालपासून "जीव नई शे अंगम्हा" असं चाललंय. बोटं सुजून लाल झालीत, गुडघेही. दोनदा ओकल्या. घर पाहुण्यांनी भरलंय, पुरणाची डाळ शिजतेय, दळण आणायचंय, आणि नेमकं आजच.

बोटं मात्र खरंच सुजलीत. दाबून बघितली, गरम लागतात. सूज सोंगाने येत नाही, एवढं मलाही कळतं. तरी वाटतं, कमी खाल्लं असेल, दगदगीचं असेल. उज्ज्वलाताई उशाशी बसून तीच बरणी उघडून चमचे पाजत आहेत. हे त्यांना म्हणाले, "दोन चमचे दे आईला, लवकर गुण येईल." मी पाजू दिलं. हळदच आहे, हळदीने काय होणार?

जुनी पूड काढून परत भरावी असं मनात आलं. माळ्यावर चढायला सगळ्यांसमोर काय निमित्त सांगू? राहू दे. कानबाई झाली की बघीन.

४ ऑगस्ट
काल कानबाई बसवताना आरतीला उभ्या राहिल्या आणि नारळासारख्या खाली आदळल्या. अंग गार, घाम, बोलणं अर्धवट. ह्यांनी उचलून रिक्षात घातलं. मी मागून चप्पल न घालता पळाले ते दवाखान्यात गेल्यावर लक्षात आलं.

डॉक्टर श्वेताच होत्या. रक्तदाब लागत नव्हता. त्यांनी चेहरा बघितला, मान बघितली, दंडावरचा डाग बघितला, आणि आम्हाला एकच विचारलं, "कोणतं औषध चालू होतं, आणि कधी बंद केलं?"

ह्यांनी सांगितलं, झाडपाल्याची पूड, बंद नाही केली, आज सकाळीसुद्धा दिली. उज्ज्वलाताईंनी मान हलवली. मी भिंतीला टेकून उभी होते.

डॉक्टर म्हणाल्या, "मग हे जुळत नाही."

५ ऑगस्ट
सलाईन आणि इंजेक्शनांवर आहेत. डोळे उघडले. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून समजावलं, ते सगळं लिहून ठेवते, कारण मला ते विसरायचं नाही.

म्हणाल्या, मी पूड बघितलेली नाही, पण लक्षणं बघून मला जवळजवळ खात्री आहे की त्यात कोणीतरी स्टिरॉईडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. गोल चेहरा, भूक, तहान, वाढलेली साखर, जरा धक्का लागला की पडणारे काळेनिळे डाग, झोप उडणं, सगळं त्याचंच. तीन-चार दिवसांत मूठ वळवून देईल अशी हळद जगात नाही. आणि असं औषध दोन महिने घेतलं की शरीर आतलं स्वतःचं स्टिरॉईड बनवायचं विसरतं. मग ते एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. तोडायचं असलं तरी हळूहळू उतरवावं लागतं.

म्हणजे डाग कडीचाच होता. लाडू भुकेनेच खाल्ले होते. आणि सकाळी हात लाकूड व्हायचे, ते? मी विचारलं, दुपारी सुटायचे मग. डॉक्टर म्हणाल्या, "ह्या आजाराची तीच तर खूण आहे. सकाळी जखडतं, दुपारपर्यंत सैल होतं. मेमध्ये सांगितलं नव्हतं का मी?" सांगितलं असेल. मी तेव्हा ऐकत नव्हते, पकडत होते.

ह्यांनी ताईंना सगळ्यांसमोर वाट्टेल ते ऐकवलं. "विष देईन का, म्हणत होतीस ना?" ताई जमिनीवर बसून रडत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, पूड थोडी जरी उरली असेल तर आणा. तपासून आत किती होतं ते कळलं तर उतरवायचा अंदाज नीट येईल, आणि त्या बापूंकडे आणखी किती जण जात असतील कोणास ठाऊक. हे घरून बरणी घेऊन आले. डॉक्टरांनी वास घेतला, बोटावर घेतली आणि पुन्हा म्हणाल्या, "हे जुळत नाही. ही साधी हळद वाटते."

माळ्यावरची पिशवी फक्त मला माहीत आहे. ती दिली तर ह्या घरात मला कोण उभं करेल? नाही दिली तर कोणाला कधीच कळणार नाही. ताई शिव्या खातील, त्यांना सवय होईल.

हे लिहिलं आणि वाचून माझीच मला घाण वाटली.

६ ऑगस्ट
पिशवी पदराखाली धरून गेले. वाटेत दोनदा वाटलं, रिक्षातून टाकून द्यावी. सासूबाईंच्या खाटेभोवती हे, ताई, डॉक्टर, सगळे होते. मी पिशवी डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "बापूंची पूड ही आहे. बरणीत मी घरची हळद भरली होती. बुधवारी."

ह्यांचा चेहरा बघवेना. म्हणाले, "तू? का?"

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आवाज आला, बारीक पण अगदी स्पष्ट, "मीच सांगेल व्हतं तिले. रोटम्हा बाहेरनं नको म्हनीसन. तिले काय बोलू नको गोपाल."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं.

९ ऑगस्ट
आता धोका टळला आहे. खरं औषध मोजून देतात, थोडं थोडं उतरवणार. पिवळी गोळीही पुन्हा सुरू, आणि ह्या वेळी तिचा वार मी लक्षात ठेवणार. डॉक्टर म्हणाल्या, जेवणात हळद राहू द्या, तिच्याशी आपलं भांडण नाही. बोटं पुन्हा जखडलीत, मूठ अर्धीच मिटते. पुढच्या वर्षीचं काय, ते त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

दुपारी ताई घरी गेल्या, हे पाळीवर गेले, दवाखान्यात आम्ही दोघीच. मी रोटाचा तुकडा दुधात कुस्करून भरवत होते. रोट घरच्यांनीच संपवायचा, त्यांचा वाटा ठेवलेलाच होता. हात थांबवून मी विचारलंच, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"आपला घरनी हयद माले समजाव नई का? गावथून मीच आनेल शे ती."

"मग बोलला का नाहीत?"

"कानबाई तोंडवर व्हती. घरम्हा कज्जा नको." जरा दम घेऊन म्हणाल्या, "आनि माले वाटनं, हयदवर बी मूठ वळी. वळाले पाहिजे व्हती."

"आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं का बोललात? माझ्यासाठी?"

त्यांना प्रश्नच कळला नसावा असं वाटलं. माझ्या हातातल्या वाटीकडे बघून म्हणाल्या, "तू आमना रोट खास ना? मंग?" खातेस ना, मग झालं, अशा सुरात, आणि वाटीतला उरलेला घास हाताने माझ्याकडे सरकवला. बोटं वळत नव्हती म्हणून तळव्यानेच.

मी खाल्ला. घरी येऊन भांडी घासली, देवीसमोरचं आवरलं आणि हे लिहायला बसले. इतक्या लोकांसमोर माझी बाजू घेण्यात त्यांचा काय डाव असेल, ह्याचा मी संध्याकाळपासून विचार करते आहे. सगळ्या बाजूंनी बघितलं. मला सापडला नाही.